धार लावणाऱ्या चाकाचीही धार जाते

विजेच्या ग्राइंडरवर सुरीला धार लावणाऱ्या बहुतेकांना एक कोडं कधी ना कधी पडतं. सुरी चाकावर धरली, ठिणग्या उडाल्या, पातं लखलखलं, कागद कापून पाहिला तर सरसर कापला गेला. पण चार दिवसांत सुरी होती तशी बोथट. पुन्हा चाक, पुन्हा ठिणग्या, पुन्हा चार दिवस. शेवटी ठरतं की पोलादच हलकं आहे.

अशी सुरी उजेडात तिरकी धरून बघा. धारेच्या अगदी कडेला, विशेषतः टोकाजवळ, तपकिरी किंवा निळसर पट्टा दिसला तर तिथलं पोलाद भाजलेलं आहे. आणि ते भाजलं, कारण चाक कापायचं सोडून नुसतं घासत होतं.

चाकाला स्वतःची धार असते, ती जाते आणि ती परत काढावी लागते, ही गोष्ट ग्राइंडर घेताना सहसा कुणी सांगत नाही. चाक दिसतं दगडासारखं. दगडाची निगा ती काय राखायची, असं वाटून आपण ते वर्षानुवर्षं तसंच फिरवत राहतो. म्हणून चाक मुळात काम कसं करतं इथपासून सुरुवात करतो. तेवढं एकदा कळलं की निगा कशी राखायची हे पाठ करावं लागत नाही.

## चाकाच्या आत काय असतं

धारेच्या चाकात तीन गोष्टी असतात: टणक कण, त्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारा बंध, आणि मधल्या रिकाम्या जागा. वाळू न घालता नुसती खडी आणि सिमेंट कालवून ओतलेला ठोकळा डोळ्यांसमोर आणा. खडे जिथे एकमेकांना टेकतात तिथे सिमेंटनं चिकटलेले, बाकी सगळीकडे फटी. चाकाची रचना अशीच, फक्त फार बारीक.

कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. खनिज रूपात याच पदार्थाला कुरुंद म्हणतात. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द तमिळमधल्या 'कुरुंदम'वरून गेलेला आहे, आणि माणिक व नीलम ही त्याचीच रंगीत रूपं. चाकासाठी मात्र तो विजेच्या भट्टीत वितळवून तयार करतात. बंध बहुतेक वेळा मातीचा असतो. चाक सुमारे हजार अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजलं की ती माती काचेसारखी होऊन कणांना धरते. म्हणजे चाक हे मडक्याच्या जातकुळीतलं आहे, कणखर पण ठिसूळ. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

यातला प्रत्येक कण ही एक सूक्ष्म छिन्नी असते. चाकाखाली जमलेली काळी भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्यात रंध्याखालून निघणाऱ्या ढलप्यांसारखे पोलादाचे वळलेले धागे दिसतात. ठिणगी म्हणजे असाच एक तापून हवेत जळणारा कीस. कणानं तासलेला कीस समोरच्या फटीत क्षणभर मावतो आणि चाक फिरून मोकळ्या हवेत आलं की उडून जातो. फटीच नसत्या तर त्याला जागा कुठली? चाकातल्या रिकाम्या जागाही अशा कामाच्या असतात.

## खडू झिजतो म्हणून अक्षर उमटतं

फळ्यावर लिहिताना खडू झिजतो, आणि झिजतो म्हणूनच अक्षर उमटतं. एखादा खडू झिजायलाच तयार नसेल तर तो फळ्यावरून नुसता घसरतो आणि कानाला असह्य किंचाळतो. चाकाचंही तसंच आहे.

पोलाद तासता तासता कणांची टोकं गोलावतात. बोथट कणावर पोलादाचा रेटा वाढत जातो. हा रेटा पुरेसा वाढला की एक तर कण तडकून त्याची नवी टोकदार कड उघडी पडावी, नाहीतर बंधानं त्याला सोडून द्यावं आणि खालचा ताजा कण वर यावा. कामाला साजेसं चाक अशा रीतीनं आपली धार बऱ्याच अंशी आपणच काढत राहतं. चाकाखाली थोडी भुकटी पडतेय, चाक किंचित लहान होतंय, ही त्याच्या प्रकृतीची खूण आहे. कित्येक वर्षं वापरूनही 'जराही झिजलेलं नाही' असं चाक कुणी कौतुकानं दाखवलं तर मला त्याच्या सुऱ्यांची काळजी वाटते.

बंधानं कणांना किती घट्ट धरून ठेवायचं, याला ग्रेड म्हणतात. ती इंग्रजी अक्षरांनी दाखवतात: ए म्हणजे अगदी मऊ, झेड म्हणजे अगदी कठीण. इथे 'मऊ' आणि 'कठीण' हे शब्द कणांबद्दल नसून पकडीबद्दल आहेत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. टणक पोलादाला कठीण चाक हवं असं मनात येतं. प्रत्यक्षात नियम उलटा आहे. टणक पोलादावर कण लवकर बोथट होतात, म्हणून त्यांना लवकर सोडून देणारं मऊ चाक लागतं. मऊ लोखंडावर कण बराच काळ टोकदार राहतात, त्यांना अकाली सोडून देण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे कठीण चाक.

सुरीचं पोलाद टणक असतं. रॉकवेल या कठीणपणाच्या मोजपट्टीवर चांगल्या सुऱ्या साधारण ५५ ते ६२ च्या दरम्यान येतात. आणि सामान्य ग्राइंडरसोबत येणारी करडी चाकं बहुतेक वेळा जाड कणांची आणि कठीण ग्रेडची असतात, कारण ती सळया, बोल्ट, वेल्डिंगचे उंचवटे अशा मऊ लोखंडाच्या कामासाठी दिलेली असतात. सुरीसाठी तेच चाक वापरलं की कण बोथट होतात आणि जागचे हलत नाहीत. सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर यातच आहे.

तुमचं चाक कोणतं, हे त्याच्या बाजूच्या कागदी चकतीवर छापलेलं असतं. उदाहरणार्थ 'डब्ल्यूए ६० के ८ व्ही'. डब्ल्यूए म्हणजे पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइड. तो ठिसूळ असल्यामुळे सहज तडकून नवी कड देतो आणि त्यामुळे कमी तापतो. ६० हा कणांचा आकार, ज्याला ग्रिट म्हणतात: मुळात इंचाला ६० भोकं असलेल्या चाळणीवरून आलेला आकडा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटरचा कण. आकडा मोठा तितका कण बारीक. के ही ग्रेड. ८ हा आकडा कण किती विरळ बसवलेत ते सांगतो, आणि व्ही म्हणजे भाजलेल्या मातीचा बंध. त्याच चकतीवर चाकाची कमाल गतीही असते. ती चकती फाडून टाकू नका.

## चाकाचं बिघडतं काय

पहिला बिघाड म्हणजे चाक गुळगुळीत होणं. कण बोथट झाले, पण बंधानं सोडले नाहीत. थांबलेल्या चाकाचा चेहरा उजेडात चकाकतो आणि त्यावरून बोट फिरवलं तर खरखरीत लागण्याऐवजी घासून गुळगुळीत झालेल्या फरशीसारखं लागतं. सुरी धरली की ठिणग्या कमी आणि उष्णता जास्त.

दुसरा, चाक भरणं. फटींमध्ये धातू चिणून बसतो. चेहऱ्यावर काळपट चकचकीत ठिपके दिसतात. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं असे मऊ धातू चाकावर धरले की हे हटकून होतं; लाकडाची किंवा प्लॅस्टिकची मूठ चाकाला लागली तरीही. कण टोकदार असूनही असं चाक कापत नाही, कारण किसाला जायला जागाच उरलेली नसते. ॲल्युमिनियमचा आणखी एक धोका आहे. त्याची भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र साठले आणि ठिणगी पडली तर ते मिश्रण प्रचंड तापमानाला पेटू शकतं. म्हणून धारेच्या चाकाला ॲल्युमिनियम लावूच नये.

तिसरा बिघाड आकाराचा. आपण सुरी नेहमी चाकाच्या मध्यावरून ओढतो, मग मध्यावर खळगा पडतो आणि दोन्ही कडा उंच राहतात. त्या उंच कडा धारेवर चरे पाडतात आणि मुठीजवळ एक पोकळी कोरतात. अशी सुरी फळीवर आडवी टेकवली तर धार एका ठिकाणी फळीला टेकतच नाही. याशिवाय चाक लंबगोल होतं, किंवा आसावर किंचित एकीकडे सरकलेलं बसतं. मिनिटाला २८५० फेरे घेणाऱ्या चाकावर एकच उंचवटा असेल तर तो सुरीला सेकंदाला ४७ वेळा ठोकतो. हाताला ते ठोके सुटे सुटे जाणवत नाहीत, नुसती एक बारीक थरथर जाणवते.

हे तपासायचं तर वीज बंद करा, प्लग काढा, टेकूवर, म्हणजे सुरी टेकवायच्या पट्टीवर, एक पेन्सिल घट्ट धरा आणि टोक चाकाला जेमतेम लागेल इतकं पुढे घेऊन चाक हातानं सावकाश फिरवा. रेघ सगळीकडे सारखी उमटली तर चाक गोल आहे. एकाच बाजूला उमटली तर तिथे ते उंच आहे.

## बोथट चाक सुरीचं पाणी कसं उतरवतं

पोलादाला 'पाणी देणं' म्हणजे ते लालबुंद तापवून झटकन थंड करणं. त्यानं ते काचेसारखं टणक आणि ठिसूळ होतं. मग तो ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा बेतानं तापवतात, सुऱ्यांच्या बऱ्याच पोलादांत साधारण १५० ते २५० अंशांपर्यंत. तापमानाच्या या दुसऱ्या पायरीवर सुरीचा कठीणपणा ठरून जातो. पुढे आयुष्यात कधीही धार त्याहून जास्त तापली तर कठीणपणा उतरतो. आपण म्हणतो 'पाणी उतरलं' ते हेच.

किती तापलं हे साध्या पोलादावर रंग सांगतो. फिकट पिवळा दिसला तर २२० अंशांच्या आसपास, तपकिरी २५० च्या पुढे, निळा सुमारे ३०० अंश. निळ्यापर्यंत गेलेली धार उरते ती मऊ. ती लावता येते, पण टिकत नाही.

आता धारेचा आकार आठवा. सुरीच्या पाठीला जाडी आहे, तिथली उष्णता आजूबाजूला पसरते. धारेच्या टोकाला पोलाद जवळजवळ नसतंच. उष्णता जाणार कुठे? टोकदार कण तासतो तेव्हा तयार होणाऱ्या उष्णतेतला काही भाग किसाबरोबर उडून जातो. बोथट कण कीस काढतच नाही, नुसता रगडतो. मग ती सगळी उष्णता पोलादात मुरते. त्यात चाक कापत नाही म्हणून आपण जोर वाढवतो, आणि जोर वाढला की ताप आणखी वाढतो.

## 'पण मी सुरी सारखी पाण्यात बुडवतो'

बुडवा, चांगली सवय आहे. पण ती कशासाठी, हे नीट समजून घ्या. धारेचं टोक चाकाला टेकलेल्या सेकंदाच्या लहानशा भागात तापून जातं. सुरी उचलून पाण्यापर्यंत नेईपर्यंत जे बिघडायचं ते बिघडलेलं असतं. निळं पडल्यावर पाण्यात बुडवली म्हणून गेलेला कठीणपणा परत येत नाही. पाण्याचा उपयोग पुढच्या घासणीसाठी: पातं थंड असेल तर चाकावर थोडा अधिक वेळ मिळतो.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे धारेच्या वर पात्यावर पाण्याचा थेंब राहू द्यायचा. थेंब थरथरून उडू लागला की लगेच सुरी उचलायची. पातं उघड्या बोटांनी धरलं तर उष्णतेची सूचना आणखी लवकर मिळते. हातमोजे घालून फिरत्या चाकाजवळ जाऊ नका. मोजा चाकात ओढला गेला तर बोटंही त्याच्याबरोबर जातात. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

## चाकाला धार काढणं, म्हणजे ड्रेसिंग

चाकाच्या चेहऱ्यावरचा बोथट, भरलेला थर काढून खालचे ताजे कण उघडे करणं, याला ड्रेसिंग म्हणतात. चाक गोल आणि सपाट करून घेणं हे तांत्रिकदृष्ट्या वेगळं काम आहे. घरगुती चाकावर दोन्ही एकाच अवजारानं एकाच वेळी होतात, म्हणून मी इथे एकच शब्द वापरतो.

अवजारं तीन तऱ्हेची. पहिलं, दांड्याच्या टोकाला दातेरी चकत्यांची रांग असलेलं चांदणी ड्रेसर. ते चाकावर दाबलं की चकत्या गरगर फिरतात आणि बोथट कण ठोकून काढतात. हे पुरेशा जोरानं दाबावं लागतं. घाबरून हलकं धरलं तर चकत्या फिरण्याऐवजी स्वतःच घासल्या जातात आणि ठिणग्या उडतात. याच्या हाताखालून निघालेला चेहरा मोकळा, खरखरीत असतो. दुसरी, सिलिकॉन कार्बाइडची कांडी: हातात धरून चाकावर फिरवायची, भरलेलं चाक साफ करायला सोपी, गोलाई आणायला मात्र कमकुवत. तिसरं हिऱ्याचं ड्रेसर, ज्यात टोकाला एकच हिरा असतो किंवा आडव्या पट्टीवर अनेक बारीक हिरे बसवलेले असतात.

सुरीसाठी मी हिऱ्याचं ड्रेसर पसंत करतो, कारण त्यानं चाक खरोखर गोल होतं. एक हिरा असलेलं अवजार चाकाच्या मध्यरेषेच्या किंचित खाली धरायचं आणि टोक चाक ज्या दिशेला जातंय तिकडे १० ते १५ अंश झुकवायचं. टोक चाकाच्या विरुद्ध धरलं तर ते चाकात रुततं. एका वेळी काढायचा थर इतका बारीक की मोजायचा तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, एक-दोन शतांश. मग अवजार एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकसारखं न्यायचं. खरखर आवाज सुरुवातीला तुटक येतो, कारण हिरा फक्त उंचवट्यांना लागतो. आवाज अखंड झाला की चाक गोल झालं.

आता यातली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट. हिरा चाकावरून किती वेगानं नेता, त्यावर चाकाचा स्वभाव ठरतो. भरभर नेला तर चेहरा मोकळा राहतो, चाक झपाट्यानं आणि थंड कापतं, पण चरे जाड उमटतात. अगदी सावकाश नेला तर कण जागीच सपाट तासले जातात. त्यानं काम गुळगुळीत होतं, पण चाक लवकर तापतं. नुकतंच ड्रेसिंग केलेलं चाक सुरी जाळतंय अशी तक्रार ऐकली की माझा पहिला प्रश्न असतो, हिरा किती सावकाश फिरवलात? सुरीला आधी मोकळं चाक द्या. धारेची गुळगुळीत पूर्तता दगडावर किंवा चामड्यावर करता येते.

ड्रेसिंग कधी करायचं, याची तारीख ठरवता येत नाही. चाकाचा आवाज बदलतो: कापणाऱ्या चाकाची खरखर जाऊन घसरणारी शीळ ऐकू येते. चकाकी दिसते. पण माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हाताला कळते. कालच्यापेक्षा आज जोर जास्त लावावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि आधी चाक बघा.

ड्रेसिंगच्या वेळी धूळ सगळ्यात जास्त उडते, म्हणून मास्क लावा. हा उपदेश उगाच केलेला नाही. १९व्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात सुऱ्या-काट्यांना धार लावणारे कारागीर वाळूच्या दगडाची चाकं वापरत. त्या दगडातल्या सिलिकाच्या धुळीनं त्यांची फुप्फुसं दगडासारखी होत आणि कोरड्या चाकावर काम करणारे कित्येक जण तरुणपणीच जात. कृत्रिम कणांच्या चाकात तो सिलिकाचा धोका पुष्कळ कमी झाला, तरी बारीक धूळ आणि पोलादाची भुकटी श्वासात घेण्याजोगी कधीच नव्हती.

## 'सारखं खरवडलं तर चाक संपणार नाही का?'

ही शंका रास्त आहे. चाक लहान होतं हे खरंच. पण हिशेब थरांचा करा. शतांश मिलिमीटरचे दहा-पंधरा थर काढले तरी एका वेळी मिलिमीटरचा जेमतेम दहावा-सातवा भाग जातो. याउलट महिनोन्‌महिने दुर्लक्ष करून खळगा खोल होऊ दिला, तर तो सपाट करायला एकदम दोन-तीन मिलिमीटर काढावे लागतात. वेळच्या वेळी थोडं थोडं काढणाऱ्याचं चाक जास्त टिकतं. आणि जळलेल्या धारेमागे सुरीचं पोलाद जे काढून टाकावं लागतं, ते परत येत नाही.

चाक लहान होण्याचे दोन परिणाम मात्र सांभाळायला हवेत. फेरे तेवढेच असले तरी व्यास घटला की कडेचा वेग घटतो, आणि कमी वेगात चाक मऊ चाकासारखं वागतं, पटकन झिजतं. दुसरा परिणाम सुरक्षेचा. प्रत्येक ड्रेसिंगनंतर टेकू आणि चाक यांच्यातली फट वाढते. ती ३ मिलिमीटरच्या आतच हवी, नाहीतर सुरीचं टोक त्या फटीत ओढलं जातं आणि चाक फुटू शकतं. वरच्या आवरणाची सरकती पट्टी चाकापासून ६ मिलिमीटरच्या आत. ड्रेसिंग झालं, वीज बंद झाली, चाक पूर्ण थांबलं की लगेच दोन्ही सरकवून घ्या.

## सावकाश फिरणारं ओलं चाक

१५० मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला २८५० फेरे घेतं तेव्हा त्याची कड ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगानं धावते. २५० मिलिमीटरचं पाण्यातलं चाक मिनिटाला ९० फेरे घेतं, म्हणजे ताशी चार किलोमीटरच्या थोडं पुढे, माणसाच्या चालण्याचा वेग. वर सतत पाणी. अशा चाकावर सुरीचं पाणी उतरण्याची भीती जवळजवळ नाही, म्हणून नवशिक्याला मी नेहमी हेच सुचवतो.

निगा मात्र यालाही लागते, आणि तिची तऱ्हा वेगळी. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं दगड पाणी पितच राहतो, तेव्हा तबकात पाणी पुन्हा पुन्हा भरा. काम संपलं की तबक रिकामं करा किंवा खाली घ्या. दगड पाण्यात उभा सोडला तर खालचा अर्धा भाग भिजून जड होतो. एकदा मी तबक तसंच भरलेलं ठेवून आठवडाभर विसरलो. पुढच्या वेळी चाक दर फेऱ्याला एकीकडे कलत होतं, आणि दगड नीट वाळेपर्यंत त्यावर सरळ धार लावता आली नाही. कडक थंडीत दगडातलं पाणी गोठलं तर ते फुगून दगडाला तडाही जातो. तबकात एक लोहचुंबक ठेवला तर पोलादाची भुकटी त्याला चिकटते आणि दगडाच्या फटींत कमी जाते.

ओला दगडही गुळगुळीत होतो. त्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचा ठोकळा मिळतो. त्याची जाड बाजू काही सेकंद दाबून धरली की चाक भराभर कापतं. बारीक बाजू जरा जास्त वेळ धरली की तेच चाक गुळगुळीत काम देतं. गोलाई बिघडली तर मार्गदर्शक दांड्यावर बसवलेलं हिऱ्याचं अवजार. आणि कोन धरून ठेवणारी चौकट वापरत असाल तर दगड झिजेल तसा कोन पुन्हा मोजा. २५० चा दगड २०० वर आला की जुनी मांडणी तुम्हाला वेगळाच कोन देते.

यंत्राच्या दुसऱ्या बाजूला चामड्याचं चाक असेल तर त्याला अधूनमधून थोडं हलकं तेल द्या आणि पॉलिशची पेस्ट पातळ लावा. कडक झालेला थर पत्र्याच्या कडेनं खरवडून काढा. त्यावर धार नेहमी फिरण्याच्या दिशेनं धरायची. उलट धरली तर ती चामड्यात घुसते.

## 'सीबीएनचं चाक घेतलं की निगा संपली का?'

सीबीएन म्हणजे क्यूबिक बोरॉन नायट्राइड. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी हा पदार्थ तयार केला. कठीणपणात तो हिऱ्याच्या खालोखाल. धारेच्या चाकात लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या घडीव चकतीवर त्याच्या कणांचा एकच थर निकेलच्या मुलाम्यानं बसवलेला असतो. ते झिजून लहान होत नाही, लंबगोल होत नाही, फुटून उडत नाही, थंड कापतं. व्हॅनेडियम जास्त असलेल्या पोलादांत ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही टणक कण असतात, तिथे याचा फरक स्पष्ट दिसतो.

पण एकच थर आहे, हे विसरू नका. याला हिऱ्याचं किंवा चांदणीचं ड्रेसर लावलं की चाक संपलं. खाली दुसरा थरच नाही. भरलं तर पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची कांडी हलक्या हातानं टेकवायची, एवढंच. जोर देऊ नका आणि सुरीची मुठीकडची उभी कड चाकाच्या कोपऱ्यावर आपटू देऊ नका, मुलामा सोलून निघतो. हिऱ्याच्या चाकाबद्दल एक वाक्य: कोरड्या, वेगवान ग्राइंडरवर ते पोलादासाठी वापरू नये, कारण हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो. पाण्यातल्या सावकाश चाकावर ही अडचण येत नाही.

## बसवण्याआधी वाजवून पाहा

मडकं घेताना ते वाजवून घेतात. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा. भाजलेल्या मातीच्या बंधाचं चाकही असंच वाजवून घ्यायचं असतं. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत ही चाचणी लिहूनच ठेवलेली आहे. कोरडं, स्वच्छ चाक मधल्या भोकात बोट किंवा काठी घालून टांगा. पेचकसाच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीनं कडेपासून २५ ते ५० मिलिमीटर आत हलकी टिचकी मारा, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर. मग चाक थोडं फिरवून पुन्हा. स्पष्ट, घुमणारा नाद हवा. भिजलेलं चाक बद्दच वाजतं, आणि रेझिन किंवा रबराच्या बंधाची चाकं मुळातच घुमत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ही परीक्षा नाही. चाक हातातून पडलं, आपटलं, तर तडा दिसो न दिसो, पुन्हा वाजवा.

इतकी काळजी कशासाठी, तर फिरणाऱ्या चाकाला आतून बाहेर फाडणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. गती २० टक्के वाढली तर ताण ४४ टक्के वाढतो. म्हणून चकतीवर छापलेल्या गतीपेक्षा तुमच्या यंत्राचे फेरे जास्त असतील तर ते चाक त्या यंत्रासाठी नव्हेच. बसवताना चाक आसावर सहज सरकलं पाहिजे, ठोकून घालायचं नाही. दोन्ही बाजूंना जाड कागदाच्या चकत्या, त्यावर चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश असलेल्या सारख्याच आकाराच्या धातूच्या चकत्या, आणि नट पुरेसा घट्ट, त्याहून जास्त नाही. यंत्राच्या डाव्या टोकाच्या नटाचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी दिशा पाहून घ्या. आवरण लावल्यावर चाक मिनिटभर रिकामं फिरू द्या आणि तोवर समोर उभं राहू नका, बाजूला राहा. फुटायचं असेल तर बहुधा याच मिनिटात फुटतं. साध्या सरळ चाकाच्या सपाट बाजूवर सुरी घासायची नाही. ते चाक आडवा दाब सोसायला बनवलेलं नसतं.

आणि वाजवल्यावर बद्द वाजलेलं चाक 'हलक्या कामाला होईल' म्हणून फळीवर ठेवून देऊ नका. दोन वर्षांनी तुम्हीच, किंवा घरातलं दुसरं कुणीतरी, ते चांगलं समजून यंत्राला लावेल. डोळ्यांवर चष्मा चढवा, चाक पोत्यात गुंडाळा आणि हातोड्यानं तिथल्या तिथे फोडून टाका.